फळ्यापुढचा नायक

जग वाचवणारा शास्त्रज्ञ म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे चित्रपटातला धडाडीचा वीर येतो. एच. जी. वेल्स यांच्या ‘द स्टार’ (१८९७) या कथेतला गणिताचा प्राध्यापक तसा नाही. नेपच्यूनवर आदळून पेटलेला एक गोल सूर्याकडे येत असतो. गुरूच्या ओढीने त्याची वाट वळून तो पृथ्वीजवळ येणार, हे प्राध्यापक रात्री जागून काढतात आणि वर्गात जाऊन मुलांना सांगतात. बस्, एवढेच! पुढे महापूर, भूकंप, संहार होतो. पृथ्वी तरते ती गोल बाजूने निघून गेला म्हणून.

फ्रेड हॉइल यांच्या ‘द ब्लॅक क्लाउड’मधला (१९५७) किंग्जली राज्यकर्त्यांशी जोरदार भांडतो, पण तिथेही संकट अखेर आपणहून टळते.

हॉइल यांचे शिष्य जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांच्या ‘धूमकेतू’ कथेत मात्र शास्त्रज्ञ उपाय करतात. दत्ता या हौशी निरीक्षकाला सापडलेला धूमकेतू पृथ्वीवर आदळणार असे गणित सांगते. मग यान पाठवून, अणुस्फोटाने त्याची वाट बदलली जाते.

येथे वर्गात एक हिशेब जरूर करून घ्यावा. धक्क्याने वेगात सेकंदाला फक्त १ सेंटिमीटर फरक पडला असे धरू. दहा दिवसांत तो गोळा साडेआठ किलोमीटर सरकेल; दहा वर्षांत सुमारे ३,१५० किलोमीटर, म्हणजे पृथ्वीच्या त्रिज्येच्या जवळजवळ निम्मा! (कक्षेची गुंतागुंत सोडून दिलेला हा ढोबळ अंदाज आहे.) धोका किती आधी कळला, यावर सारे अवलंबून. अशी टक्कर २६ सप्टेंबर २०२२ रोजी खरोखर घडवली गेली. नासाचे ‘डार्ट’ यान डायमॉर्फस या सुमारे १६० मीटरच्या लघुग्रहावर आदळले आणि त्याचा प्रदक्षिणाकाळ अर्ध्या तासाहून थोडा अधिक घटला. त्या लघुग्रहापासून पृथ्वीला धोका नव्हता. ती चाचणी होती.

नारळीकरांची कथा मात्र यानापाशी संपत नाही. दत्ता घरी परततात, तर पत्नीने अरिष्ट टळावे म्हणून यज्ञ करवलेला असतो, आणि धूमकेतू त्यामुळेच टळला अशी तिची खात्री असते. वरचा हिशेब दत्तांनी तिला पाटीवर करून दाखवला असता तर तिला पटले असते का? आम्हाला तरी शंका वाटते.