खेड्यातील साप्ताहिक आणि ग्रामेतिहासाची साधने : ‘दीनमित्र’ (१९१०–१९६७)

ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागाचा, विशेषतः शहापूर व मुरबाड या तालुक्यांचा, गेल्या दीड शतकाचा इतिहास लिहू पाहणाऱ्या अभ्यासकास प्रारंभीच एका अडचणीस तोंड द्यावे लागते. आटगावसारख्या गावाविषयी सरकारी कागद पुष्कळ मिळतात. परंतु त्या कागदांत गावाचा स्वतःचा आवाज क्वचितच ऐकू येतो. १८७८ च्या वन कायद्यानंतर भातशेतीच्या राबासाठी फांद्या तोडण्यावर निर्बंध आले, तेव्हा या भागातील शेतकऱ्यांत मोठा असंतोष पसरला. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील अशा तक्रारींच्या चौकशीसाठी मुंबई सरकारने १८८५ साली आयोग नेमला आणि १८८७ साली त्याचा अहवाल झाला. शेतकऱ्याचे गाऱ्हाणे आपल्यापर्यंत येते ते मुख्यत्वे अशा अहवालांतून, म्हणजे प्रश्न विचारणाऱ्याच्या भाषेतून.

वृत्तपत्रांकडे वळावे तर तेथेही मर्यादा आहेतच. ठाणे शहरात काशिनाथ विष्णु फडके यांनी १८६६ साली ‘अरुणोदय’ हे साप्ताहिक सुरू केले. मुंबईबाहेरील मराठी पत्रांत त्याचे स्थान महत्त्वाचे आहे. तथापि जिल्ह्याच्या ठिकाणी निघणाऱ्या पत्राचा संपादक, त्याचा छापखाना आणि त्याचा प्रमुख वाचकवर्ग ही सारी नगरातील. कल्याणहून निघालेला लोहमार्ग १८६१ साली कसाऱ्यापर्यंत पोहोचला व आटगावचा परिसर मुंबईशी जोडला गेला. त्या मार्गाने पत्र खेड्यात येऊ शकत होते. पण खेडे पत्रात येणे ही निराळी गोष्ट होय.

हा भेद स्पष्ट व्हावा म्हणून ठाणे जिल्ह्याबाहेरील एक उदाहरण तपासणे उद्बोधक ठरेल. अहमदनगर जिल्ह्यातील सोमठाणे या गावातून मुकुंदराव पाटील यांनी १९१० च्या नोव्हेंबरात ‘दीनमित्र’ हे साप्ताहिक सुरू केले. पुढे ते नेवासे तालुक्यातील तरवडी येथून निघू लागले आणि १९६७ पर्यंत, म्हणजे सुमारे सत्तावन्न वर्षे, चालले.

मुकुंदराव (१८८५–१९६७) हे कृष्णराव भालेकर यांचे पुत्र. दत्तक गेल्यामुळे ते पाटील झाले. भालेकरांनी १८७७ साली पुण्यास ‘दीनबंधु’ काढले होते. जोतीराव फुले यांनी १८७३ साली स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाच्या विचारांचे ते पत्र. ते पुण्यात टिकवणे कठीण झाल्यावर १८८० साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत त्याची धुरा घेतली. पित्याचे पत्र नगरात चालले, तर पुत्राने आपले पत्र खेड्यात नेले. हा बदल केवळ स्थळाचा नव्हता.

काळही अनुकूल नव्हता. १९१० सालीच मुद्रणविषयक नवा कायदा झाला आणि त्यान्वये नव्या छापखान्याकडून ५०० ते २,००० रुपयांपर्यंत तारण मागण्याची तरतूद झाली. १९११ च्या जनगणनेत हिंदुस्थानातील साक्षरतेचे प्रमाण शेकडा सहाच्या आतच होते. अशा स्थितीत शेतकरी वाचकाच्या भरवशावर पत्र काढणे हे धाडसच म्हटले पाहिजे. किंबहुना ‘वाचक’ या शब्दाचा अर्थच येथे व्यापक करावा लागतो. जेथे वाचता येणारा एखादाच असे, तेथे लेख ऐकण्यासाठी लिहावा लागे. मुकुंदरावांच्या लेखनाचा घाट या दृष्टीने पाहावा. १९१३ सालचे त्यांचे ‘कुलकर्णी लीलामृत’ पोथीच्या धर्तीवर ओवीबद्ध आहे. गावचे दप्तर ज्याच्या हाती, त्या वतनदाराच्या सत्तेवरील टीका त्यांनी श्रोत्यांच्या परिचयाच्या छंदात मांडली. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ साली कुलकर्णी वतने रद्द केली, हे ध्यानी घेतले म्हणजे या विषयाची तत्कालीन तीव्रता कळून येते.

१९१७ साली पुण्यास ‘जागरूक’ व बडोद्यास ‘जागृति’, १९१९ साली पुण्यास ‘विजयी मराठा’ अशी ब्राह्मणेतर पत्रे निघाली. त्यांना नगराचे पाठबळ होते. १९३० नंतर केशवराव जेधे प्रभृती नेते काँग्रेसमध्ये गेले व चळवळीचा स्वतंत्र प्रवाह क्षीण झाला; ‘दीनमित्र’ मात्र चालूच राहिले. याचे कारण, माझ्या मते, ते पक्षाचे वा मंडळाचे मुखपत्र नव्हते, हे होय. ते एका व्यक्तीच्या निष्ठेवर उभे होते. परंतु याच कारणामुळे संपादकाच्या निधनाबरोबर त्याचाही शेवट झाला. जे दीर्घायुष्याचे कारण, तेच अंताचे कारण ठरले.

साधन म्हणून ‘दीनमित्र’ निःपक्षपाती नाही, आणि तसा त्याचा दावाही मानू नये. ते वादाचे पत्र आहे. जमीनधारक शेतकऱ्याची बाजू मांडताना भूमिहीनांचा व स्त्रियांचा आवाज त्यात कितपत उमटतो, हे प्रत्येक अंकागणिक तपासले पाहिजे. सरकारी भाषांतरकार मुंबई इलाख्यातील देशी पत्रांचे जे साप्ताहिक गोषवारे तयार करीत, त्यांवरच विसंबणेही धोक्याचे आहे. सरकारला जे दखलपात्र वाटले तेवढेच त्यांत आले; पीकपाणी, सावकारी, गावचे तंटे गाळले जाण्याचा संभव अधिक. म्हणून मूळ अंकांना पर्याय नाही.

यावरून आटगाव परिसराच्या अभ्यासकाने घ्यावयाचा बोध असा, की कोणतेही वृत्तपत्र साधन म्हणून हाती घेताना ते कोणत्या मताचे, याआधी ते कोठे छापले गेले व कोणासमोर वाचले गेले, हे विचारावे. जेथे गावाने स्वतः लिहिले नाही, तेथे आयोगापुढील जबान्या, जिल्ह्याच्या पत्रांत आलेली पत्रे आणि घरोघरी गाठोड्यांत पडून असलेले जुने अंक एकमेकांशी ताडून पाहावे लागतील. यांतील अखेरचे साधन सर्वांत नाशवंत आहे. वाळवी व पावसाळा अभ्यासकासाठी थांबत नाहीत. तेव्हा लेखनाआधी संग्रह, हाच क्रम योग्य होय.