त्रयस्थ मैदान आणि पाहुणा मुलगा

इसवी सन १८५२ च्या ऑगस्टची ३ तारीख. अमेरिकेंतील न्यू हॅम्पशायर राज्यांत विनिपसॉकी नांवाचें एक विस्तीर्ण सरोवर आहे. त्याच्या पाण्यावर त्या दिवशीं हार्वर्ड व येल या दोन जुन्या महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांची होड्यांची शर्यत झाली. हार्वर्डनें ती जिंकली आणि चांदीनें मढविलेल्या वल्ह्यांची जोडी बक्षीस नेली. तें बक्षीस देणारे फ्रँकलिन पिअर्स हे गृहस्थ पुढें राष्ट्राध्यक्ष झाले. अमेरिकन महाविद्यालयांमधील खेळांची ही पहिली चढाओढ मानतात. परंतु ती ना हार्वर्डच्या आवारांत झाली, ना येलच्या. दोन्ही बाजूंच्या तरुणांचा खर्च एका रेल्वे कंपनीनें सोसला होता. शर्यतीच्या निमित्तानें लोकांनीं तिच्या गाडीनें यावें, एवढाच त्यांत हेतु. म्हणजे ज्याला आज त्रयस्थ मैदान म्हणतात, तें या खेळांच्या जन्माबरोबरच आलें, आणि त्याचा खर्च करणारा तिसरा पक्षहि त्याच दिवशीं आला.

फुटबॉलचा सामना त्यानंतर सतरा वर्षांनीं, १८६९ सालीं, रट्गर्स व प्रिन्स्टन यांच्यांत प्रथम झाला. येथें फुटबॉल म्हणजे मुंबईच्या कूपरेजवर दिसणारा खेळ समजूं नये. अमेरिकेंत या नांवाखालीं पुढें जो खेळ वाढला, त्यांत लांबट चेंडू हातांत धरून धांवतात आणि प्रतिपक्षाचे गडी धांवणाऱ्यास अंगावर पडून पाडतात. घरच्या मैदानावर घरच्या लोकांचा आरडाओरडा पाठीशीं असला कीं गड्यास बळ चढतें; सबब कोणी कोणाच्या घरीं जावयाचें, हा मानापमानाचा प्रश्न झाला. त्यावर तोड म्हणून हार्वर्ड व येल १८८९ पासून स्प्रिंगफील्ड या मधल्या गांवीं खेळूं लागले. मैदान त्रयस्थ मिळालें, पण मनें कांहीं त्रयस्थ झालीं नाहींत. १८९४ च्या सामन्यांत इतके गडी जायबंदी झाले कीं पुढचीं दोन वर्षें हा सामना बंदच ठेवावा लागला. सामने पुन्हां सुरू झाले ते आळीपाळीनें एकमेकांच्या घरीं. हार्वर्डनें १९०३ सालीं आपलें दगडी बांधणीसारखें दिसणारें काँक्रीटचें प्रेक्षागार उभारलें, आणि येलनें १९१४ सालीं सुमारें सत्तर हजार माणसें बसतील एवढें.

एवढीं आसनें भरावयाचीं म्हणजे संघ जिंकणारा हवा, आणि जिंकणारा संघ हवा म्हणजे चांगले गडी कोठून तरी मिळवावयास हवेत. भरतीचा प्रश्न खरा येथून चिघळला. येलचा जेम्स होगन हा पंचविशी उलटलेला विद्यार्थी या बाबतींत फार गाजला. त्याला जेवण फुकट, उत्तम खोली, क्यूबाची सफर, आणि शिवाय महाविद्यालयाच्या परिसरांत विकल्या जाणाऱ्या एका सिगारेटवर कमिशन, अशी हकीकत १९०५ सालीं एका मासिकानें छापली. विद्यार्थी म्हणावयाचें कीं अडत्या, असा प्रश्न वाचकांस पडला असल्यास नवल नाहीं. त्याच हंगामांत देशभर कमीत कमी १८ खेळाडू दगावल्याच्या बातम्या आल्या, आणि राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनीं महाविद्यालयांच्या प्रतिनिधींस आपल्या निवासस्थानीं बोलावून घेतलें. त्या खळबळींतून १९०६ सालीं जी संस्था जन्मली, तीच १९१० पासून नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन म्हणून ओळखली जाते. केवळ खेळाच्या कौशल्यासाठीं कोणा मुलास लालूच दाखवून महाविद्यालयांत आणूं नये, हें तिच्या पहिल्याच नियमांत होतें.

नियम होता, पण तो पाळावयाचा कोणीं? कार्नेजी संस्थेनें १९२९ सालीं ११२ महाविद्यालयांची पाहणी प्रसिद्ध केली, तेव्हां सुमारें तीन चतुर्थांश ठिकाणीं या तत्त्वाचा भंग आढळला. १९४८ सालीं कडक संहिता केली. ती मोडणाऱ्या सात संस्थांस काढून टाकण्याचा ठराव १९५० सालीं १११ विरुद्ध ९३ मतांवर आला, पण दोन तृतीयांश मतें न मिळाल्यामुळें बारगळला. पुढच्याच वर्षीं संहिताहि रद्द झाली. अखेर १९५६ पासून खेळासाठीं उघड शिष्यवृत्ती देण्यास मोकळीक मिळाली. लालूच म्हणून जी वस्तु निषिद्ध होती, तीच आतां नेमून दिलेल्या मापानें देतां येऊं लागली. यानंतरची सारी नियमावली त्या मापाची.

हें माप किती बारीक झालें, तें त्रयस्थ मैदानाच्या बाबतींत दिसतें. मुलगा शाळेंत शिकत असतां महाविद्यालय पाहावयास येई, तेव्हां त्याला घरच्या सामन्याचीं तीन तिकिटें फुकट देतां येत; पण सामना महाविद्यालयापासून तीस मैलांच्या आंत असला पाहिजे. त्याहून दूरच्या मैदानावर सामना असेल, तर ज्याला कागदोपत्रीं यजमान ठरविलें त्यानें तिकिटें द्यावींत, मात्र जेवण नाहीं, मुक्काम नाहीं. पाहुण्या संघास तेवढेंहि नाहीं. त्यांतहि सामन्यांच्या दिवसांत प्रशिक्षकानें आपल्या आवाराबाहेर अशा मुलाशीं बोलावयाचें नसे. योगायोगानें गांठ पडलीच तर नमस्कार करून पुढें जावें. नमस्कारापुढें एक वाक्य गेलें कीं ती "भेट" ठरे. साठसत्तर हजार माणसांच्या गर्दींत सतरा वर्षांचा एक मुलगा उभा आहे, त्याच्यासाठीं वर्षभर पत्रें व दूरध्वनि केलेला प्रशिक्षक समोरून येतो आहे, आणि दोघेहि शब्द मोजीत आहेत, असा हा प्रकार. त्यामागें कारण नव्हतें असें मात्र नाहीं. आवाराबाहेर पाहुणचारास मर्यादा ठेवली नाहीं, तर श्रीमंत विद्यापीठ प्रत्येक मोठ्या शहरांत सामना मांडून तेथेंच बाजार भरवील, ही भीति होगनची गोष्ट आठवल्यास अवास्तव वाटत नाहीं.

या नियमाची झळ जॉर्जिया व फ्लॉरिडा यांच्या सामन्यास विशेष लागली. हीं दोन विद्यापीठें १९३३ पासून, १९९४ व १९९५ हीं वर्षें वगळतां, बहुतेक सलग जॅक्सनव्हिल येथें खेळत आलीं. तिकिटें निम्मीं निम्मीं वांटलेलीं; अर्धें प्रेक्षागार लाल, अर्धें निळें. असा देखावा दोन्ही घरांपैकीं एकाहि घरीं दिसणें शक्य नाहीं. पण वर्षांतला सर्वांत मोठा सामना, आणि ज्या मुलांस तो दाखवावा त्यांस घरीं बोलावतां येत नाहीं! जॉर्जियाचे प्रशिक्षक कर्बी स्मार्ट यांनीं हें गाऱ्हाणें वारंवार जाहीरपणें मांडलें; सामना आळीपाळीनें घरीं व्हावा, असें त्यांचें म्हणणें. त्यांच्या बाजूस आणखी एक मुद्दा होता. जॅक्सनव्हिल फ्लॉरिडाच्या गेन्झव्हिलपासून सुमारें सत्तर मैल, तर जॉर्जियाच्या अथेन्सपासून तीनशेंहून अधिक. या मैदानास त्रयस्थ म्हणावयाचें तें नकाशा न पाहतां. दुसरीकडे शहरास सामन्यापासून मोठी प्राप्ति होते व विद्यापीठांसहि पैसा मिळतो. तो सोडावा असें कारभाऱ्यांस वाटलें नाहीं. रेल्वे कंपनीची जागा शहरानें घेतली, इतकेंच.

दरम्यान मूळ तत्त्वच ढासळलें. १ जुलै २०२१ पासून विद्यार्थ्यास स्वतःच्या नांवावर व छबीवर पैसे मिळविण्यास परवानगी मिळाली, आणि २०२५ च्या जूनमध्यें न्यायालयानें मान्य केलेल्या तडजोडीनें विद्यापीठांनाच खेळाडूंस पैसे देण्याची वाट मोकळी झाली. पहिल्या वर्षाची मर्यादा एका विद्यापीठामागें सुमारें दोन कोटि पांच लाख डॉलर. होगनचें सिगारेटवरचें कमिशन यापुढें किरकोळच.

जॅक्सनव्हिलचें प्रेक्षागार नव्यानें बांधावयाचें असल्यामुळें २०२६ चा सामना अटलांटास व २०२७ चा टँपास नेण्याचें ठरलें. अटलांटा जॉर्जिया राज्यांतच आहे. तेथील हजारों मुलें शाळेंत हा खेळ खेळतात. पण अथेन्सपासून तें साठसत्तर मैल दूर, म्हणजे तीस मैलांच्या त्या रेघेबाहेरच.