हिसके, थरथर आणि शंभर वर्षांची लपवाछपवी

आईची तक्रार साधी होती. "अरे, गाडी मधेच थरथरते. रस्त्यावर त्या बारीक पट्ट्या असतात ना, त्यांवरून गेल्यासारखं वाटतं. चार सेकंद होतं आणि आपोआप थांबतं."

मी लगेच चावी घेऊन निघालो. बाणेर, पाषाण, चांदणी चौक आणि परत. काही नाही. "आई, तुला भास होत असेल," असं मी म्हणालो. सॉफ्टवेअरमध्ये पंधरा वर्षं काढलेल्या माणसाने हे म्हणावं म्हणजे कमाल आहे. टेस्टर बग घेऊन आला की "माझ्या मशीनवर तर चालतंय" म्हणणाऱ्यांवर मी स्वतः किती वेळा चिडलोय!

आईच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर क्लच दाबणं तिला जमेना, म्हणून आम्ही ही सेकंडहँड ऑटोमॅटिक घेतली. निवृत्तीनंतरही ती आठवड्यातून तीन दिवस एका शाळेत मुलांना गणित शिकवायला जाते, तेवढ्यासाठी. माझ्या "भासा"नंतर ती काही बोलली नाही. फक्त रिक्षाने जायला लागली. हे मला तीन आठवड्यांनी कळलं.

मग गाडी वर्कशॉपला नेली. तिथल्या मुलाने स्कॅनर लावला, एक चक्कर मारून आला आणि म्हणाला, "सर, कोड काही नाहीये. पण टॉर्क कन्व्हर्टर गेलाय. गिअरबॉक्स उतरवावा लागेल. एक लाख चाळीस हजार धरून चाला."

कोड काहीच नाही आणि खर्च मात्र एक लाख चाळीस हजार? आधी हा टॉर्क कन्व्हर्टर काय प्रकार आहे ते तरी समजून घेऊ, म्हणून दोन शनिवार-रविवार वाचत बसलो. आणि गंमत म्हणजे आमच्या गाडीचं उत्तर त्या इतिहासातच सापडलं. म्हणून हा सगळा प्रपंच.

सुरुवात गाडीपासून नाही, जहाजापासून होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जहाजांवर स्टीम टर्बाइन आले. टर्बाइन भरभर फिरतो, पण पंखा मात्र पाण्यात हळू फिरला तरच नीट काम करतो. मग दोघांची सांगड कशी घालायची? त्या काळच्या दातेरी चाकांना एवढी ताकद पेलवणं अवघड होतं. जर्मनीतल्या स्टेटिन बंदरातल्या (आज ते पोलंडमध्ये आहे) व्हल्कान जहाज कारखान्यात हेर्मान फ्योटिंगर नावाचा इंजिनिअर होता. त्याने १९०५ साली एका वेगळ्याच कल्पनेचं पेटंट घेतलं. दातेच नकोत! इंजिनाने एक चाक फिरवायचं, त्या चाकाने द्रव जोरात फेकायचा आणि त्या द्रवाने समोरचं दुसरं चाक फिरवायचं. दोन टेबल फॅन समोरासमोर ठेवून एकच चालू केला की दुसराही फिरायला लागतो, तसंच. दोघांच्या मध्ये द्रवाला वळण देणारं तिसरं चाक बसवलं की फिरवण्याचा जोरही वाढतो. हाच टॉर्क कन्व्हर्टर.

यातली खरी गोम अशी, की इंजिन आणि चाकं यांच्यात घट्ट असं काहीच नाही, नुसता द्रव आहे. त्यामुळे इंजिनाने दिलेला धक्का चाकापर्यंत पोचेस्तोवर विरून जातो. बंगल्यातली भांडणं जशी गेटपर्यंत ऐकू येत नाहीत, तसं.

गाड्यांमध्ये हे यायला वेळ लागला. १९३०मध्ये ब्रिटनच्या डेमलर कंपनीने 'फ्लुइड फ्लायव्हील' आणलं, पण गिअर ड्रायव्हरलाच निवडावे लागत. मोठ्या संख्येने विकली गेलेली पहिली पूर्ण ऑटोमॅटिक म्हणजे जनरल मोटर्सची हायड्रामॅटिक. ती १९३९मध्ये जाहीर झाली आणि १९४०च्या ओल्डस्मोबिल गाड्यांवर आली. तिच्यामागे अर्ल थॉम्प्सन होता. गिअर टाकताना होणारी करकर थांबवणारं सिंक्रोमेश ज्याने १९२८मध्ये कॅडिलॅकसाठी आणलं, तोच हा. नंतर दुसऱ्या महायुद्धात हाच गिअरबॉक्स अमेरिकेच्या एम-५ स्टुअर्ट रणगाड्यांत बसला. एका रणगाड्यात दोन कॅडिलॅक इंजिनं आणि दोन हायड्रामॅटिक! रणगाड्यातून तावूनसुलाखून निघालेला गिअरबॉक्स, ही युद्धानंतर फुकटातली जाहिरात झाली.

हायड्रामॅटिक टिकाऊ होती, पण गिअर बदलताना धक्का जाणवायचा. जनरल मोटर्सच्याच ब्युइकला तो धक्का खुपत होता. त्यांनी १९४८मध्ये डायनाफ्लो आणली. तिच्यात नेहमीच्या चालवण्यात गिअर बदलायचाच नाही, सगळं काम टॉर्क कन्व्हर्टरवर सोडून द्यायचं. धक्का शून्य! पण द्रव घुसळण्यात ताकद वाया जाते, तेल गरम होतं, पेट्रोल जास्त लागतं आणि गाडी आळसावल्यासारखी उचलते. लोकांनी तिला 'डायनास्लश' असं नाव ठेवलं. स्लश म्हणजे अर्धवट वितळलेल्या बर्फाचा चिखल.

म्हणजे बघा, १९४८मध्येच खरा झगडा स्पष्ट झाला होता. मधे द्रव ठेवला तर प्रवास मऊ होतो पण इंधन वाया जातं, आणि घट्ट जोडलं तर इंधन वाचतं पण धक्के लागतात. त्यानंतरचा ऑटोमॅटिकचा सगळा इतिहास म्हणजे या दोघांमधली तडजोड आहे.

पुढच्याच वर्षी, १९४९मध्ये, पॅकार्ड कंपनीने अल्ट्रामॅटिकमध्ये एक हुशारी केली. वेग पकडेपर्यंत द्रवावर चालवायचं आणि एकदा गाडी संथ लयीत आली की आतला एक क्लच लावून दोन्ही चाकं घट्ट बांधून टाकायची. याला म्हणतात लॉकअप क्लच. कल्पना उत्तम होती, पण तेव्हा अमेरिकेत पेट्रोल स्वस्त, त्यामुळे बाकीच्यांनी ती फारशी मनावर घेतली नाही. मग १९७३चं तेलसंकट आलं. १९७५मध्ये अमेरिकेने गाड्यांच्या मायलेजचा कायदा केला आणि सगळ्यांना लॉकअप आठवला. १९७८पासून क्रायस्लरने तो आणला, पाठोपाठ इतरांनी. आज टॉर्क कन्व्हर्टरवाल्या बहुतेक गाड्यांत तो असतो.

आणि तिथेच 'थरथर' नावाची नवी तक्रार जन्माला आली.

लॉकअप क्लच तेलात बुडालेला असतो. तो लागताना थोडा घसरतो आणि ते घसरणं एकसारखं असलं तर काही कळत नाही. पण तेल खराब झालं की तो धरतो-सुटतो, धरतो-सुटतो. फळ्यावर खडू चुकीच्या कोनात धरला की करकरत ठिपके उमटवत जातो ना, अगदी तेच. म्हणून या तेलात नुसता बुळबुळीतपणा असून चालत नाही, घर्षण कसं व्हावं हे ठरवणारी द्रव्यं त्यात घालावी लागतात. आणि १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत त्यासाठी काय वापरत होते माहितीये? स्पर्म व्हेल माशाचं तेल! (मासा म्हणतो आपण, आहे तो सस्तन प्राणी.) देवमासे वाचवण्यासाठी अमेरिकेत त्यावर बंदी आली आणि केमिस्ट मंडळींना पर्याय शोधताना घाम फुटला. आज गाडीच्या पुस्तकात "अमुकच प्रकारचं गिअर ऑइल वापरा" असं बजावलेलं असतं, ते कंपनीची मिजास म्हणून नाही. चुकीचं तेल म्हणजे थरथरीला आमंत्रण.

आता या गोष्टीचा दुसरा धागा. तो गिअरबॉक्समधून नाही, लॉस एंजेलिसच्या आकाशातून येतो.

१९४०च्या दशकात त्या शहरावर डोळे झोंबवणारं धुरकं पसरायचं. आरी हागेन-श्मित हा मूळचा डच शास्त्रज्ञ तिथल्या कॅलटेकमध्ये अननसाच्या स्वादाचा अभ्यास करत होता. त्याने अननस बाजूला ठेवून ते धुरकं तपासलं आणि १९५०च्या सुमारास दाखवून दिलं, की गाड्यांतून आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांतून निघणाऱ्या वाफा ऊन लागून हे विष तयार करतात. पुढे १९६८मध्ये कॅलिफोर्नियाने हवेसाठी स्वतंत्र मंडळ नेमलं, त्याचा तो पहिला अध्यक्ष. याच मंडळाने १९८८च्या गाड्यांपासून इंजिनाने स्वतःची तपासणी स्वतः करावी अशी सक्ती केली. तिची सुधारित आवृत्ती, म्हणजे ओबीडी-२, १९९६पासून सगळ्या अमेरिकेत लागू झाली आणि कालांतराने आपल्याकडेही आली. डॅशबोर्डवरचा तो पिवळा इंजिनाचा दिवा म्हणजे या सगळ्याचं फळ.

यात एक मुद्दा लक्षात घ्या. हा दिवा ड्रायव्हरच्या सोयीसाठी जन्मलेला नाही, हवेसाठी जन्मलाय. इंजिनात एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी हुकली (याला मिसफायर म्हणतात) की न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो खराब होतो. म्हणून गाडी मिसफायर मोजते. कशी? क्रँकशाफ्टवर एक दातेरी चाकती असते आणि एक सेन्सर तिचे दात मोजत बसतो. चार सिलिंडरचं इंजिन १५०० आरपीएमला सेकंदात पन्नास वेळा पेट घेतं. एखादी वेळ हुकली की चाकती किंचित मंदावते, पुढचा दात क्षणभर उशिरा येतो. बस्स, त्यावरून कुठला सिलिंडर हुकला ते कळतं. अमुक प्रमाणापेक्षा जास्त वेळा हुकलं की कोड पडतो. पी०३०० म्हणजे कुठेही, पी०३०३ म्हणजे तिसऱ्यात. आणि दिवा नुसता लागण्याऐवजी लुकलुकायला लागला तर समजा की कॅटॅलिटिक कन्व्हर्टर भाजतोय. पाय काढा आणि गाडी बाजूला घ्या.

पण प्रमाण कमी असेल तर? तर कोड पडत नाही. मोजणी मात्र आत कुठेतरी चालू असते. आमच्यासारख्यांच्या भाषेत सांगायचं तर अलर्ट आला नाही म्हणजे लॉग रिकामा आहे असं नाही.

आता दोन्ही धागे जोडा. मधे द्रव असतो तेव्हा इंजिनाचं हुकणं त्यात विरून जातं. लॉकअप लागला की इंजिन थेट चाकांना बांधलं जातं आणि तेच बारीकसं हुकणं सीटपर्यंत पोचतं. म्हणजे थरथर लॉकअप लागल्यावरच येते, पण दोष लॉकअपचाच असेल असं नाही. तो कदाचित फक्त दार उघडतोय, आतलं भांडण इंजिनाचं आहे.

हे वाचल्यावर मी पहिल्यांदा योग्य प्रश्न विचारला. "आई, कधी होतं?"

"पंचावन्न-साठच्या वेगात. सपाट रस्ता असला आणि मी पाय अगदी हलका ठेवला की. दाबलं की जातं."

मी गाडी हलक्या पायाने चालवतच नाही! मी दाबतो, खालचा गिअर पडतो, लॉकअप सुटतो आणि थरथर गायब. रविवारी पहाटे रिकाम्या रस्त्यावर आईला चालवायला बसवलं आणि मी शेजारी. साठला आली थरथर. मागे कोणी नाही हे बघून तिला म्हटलं, अॅक्सिलरेटर तसाच ठेव आणि ब्रेकला डाव्या पायाने नुसता स्पर्श कर. ब्रेकचा दिवा लागण्यापुरताच. ब्रेक कळला की गाडी लॉकअप सोडते. आरपीएम किंचित वर गेला आणि थरथर थांबली. वर्कशॉपच्या मुलानेही इथपर्यंतच बघितलं असणार. इथून पुढे दोन वाटा होत्या, क्लचचं घसरणं किंवा मिसफायर.

ब्लूटूथचं एक स्वस्त यंत्र आणून मोबाइलवर मिसफायरचे आकडे उघडले. पहिला, दुसरा, चौथा सिलिंडर शून्य. तिसऱ्याचा आकडा मात्र थरथर आली की वाढत होता. मग ओळखीच्या गॅरेजवाल्या काकांनी तिसऱ्याचा इग्निशन कॉइल काढून पहिल्यावर लावला आणि पहिल्याचा तिसऱ्यावर. परत चक्कर. आता आकडा पहिल्याचा वाढत होता. दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजे दोष कॉइलचाच. सरकला नसता तर स्पार्क प्लग आणि मग इंजेक्टर बघावा लागला असता. नवा कॉइल आणि चार प्लग मिळून साडेपाच हजार. गिअरबॉक्सला हातही लावला नाही.

प्रत्येक थरथर अशीच असते असं मात्र नाही. सिग्नलला 'डी'मध्ये उभं असताना थरथरून 'एन'मध्ये शांत होत असेल तर आधी इंजिनाचे माउंटिंग बघा. ठरावीक वेगाला स्टिअरिंग हलत असेल आणि अॅक्सिलरेटर सोडूनही थांबत नसेल तर टायर आणि बॅलन्सिंग. आकडे शून्य असूनही लॉकअपला थरथर येत असेल तर गिअर ऑइल. आणि गाडी एएमटी असेल, म्हणजे २०१४मध्ये सेलेरिओपासून आपल्याकडे रुळलेला प्रकार, तर गिअर बदलताना मान डोलणं हा आजार नाही. तिथे मधे द्रव नाहीच. आपला नेहमीचा क्लच एक यंत्र दाबतं आणि सोडतं, तेवढ्यापुरती ताकद तुटते. गिअर बदलायच्या बेताला पाय किंचित उचलला की डोलणं कमी होतं.

असो. सोमवारी आई गाडी घेऊन शाळेत गेली. संध्याकाळी मी विचारलं, "काय, थरथर?"

"नाही," ती म्हणाली. मग चहा गाळता गाळता, "मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, आपोआप थांबते म्हणून. तू कधी थांबते ते विचारलंच नाहीस."