पोटॅशियम-न्यूनता आणि हृदयलय

रक्तरसातील पोटॅशियमचे प्रमाण दर लिटरला ३.५ मिलिमोलच्या खाली उतरले, की त्या अवस्थेला पोटॅशियम-न्यूनता म्हणतात. निरोगी माणसात ते ३.५ ते ५.० च्या दरम्यान असते. (प्रयोगशाळेच्या अहवालावर कधी मिलिमोल, कधी मिलिइक्विव्हॅलंट असे एकक छापलेले असते, पोटॅशियमच्या बाबतीत दोन्ही आकडे एकच.) ३.० च्या खाली मध्यम आणि २.५ च्या खाली तीव्र न्यूनता समजतात. शेतकऱ्याला हेच मूलद्रव्य नत्र, स्फुरद, पालाश यांतले पालाश म्हणून ठाऊक आहे. पोटऱ्यांत गोळे येणे, पाय जड होणे, जिना चढताना मांड्यांनी साथ न देणे, शौचाला घट्ट होणे ही न्यूनतेची नेहमीची लक्षणे. जिवाला धोका संभवतो तो मात्र हृदयाची लय बिघडल्याने.

शरीरातील साठा : सुमारे ७० किलो वजनाच्या प्रौढाच्या अंगात ३,५०० मिलिमोल पोटॅशियम असते आणि त्यातले ९८ टक्के पेशींच्या आत असते. तपासणीत मोजले जाते ते उरलेल्या दोन टक्क्यांपैकी. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, ही म्हण येथे उलटीही लागू पडते : आड भरलेला असूनही पोहरा रिकामा येऊ शकतो. इन्शुलिन, दम्याच्या पंपातील साल्ब्युटॅमॉल, अंगात उसळलेले ॲड्रेनलीन यांमुळे पोटॅशियम रक्तातून पेशींत शिरते. साठा घटत नाही, पण रक्तातला आकडा घसरतो. नमुन्याचेही असेच. काढलेले रक्त कडक उन्हाळ्यात तासन्‌तास तसेच राहिले, तर नळीतल्या पेशी पोटॅशियम आत ओढून घेतात व आकडा खोटाच खाली येतो. तांबड्या पेशी फुटल्या तर तो खोटाच वर जातो आणि खरी न्यूनता झाकली जाते. म्हणून प्रकृतीशी न जुळणारा अहवाल आला, तर तपासणी पुन्हा करून घेणे हिताचे.

हृदयावरील परिणाम : पेशीपटलातील सोडियम-पोटॅशियम पंप तीन सोडियम आयन बाहेर टाकतो व दोन पोटॅशियम आयन आत घेतो. हा पंप डॅनिश शास्त्रज्ञ येन्स स्कोऊ यांनी १९५७ मध्ये उजेडात आणला. त्याबद्दल त्यांना १९९७ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयपेशी पुन्हा विश्रांत अवस्थेत येते, ती मुख्यतः पोटॅशियम ठरावीक मार्गिकांतून बाहेर पडल्यामुळे. बाहेरचे पोटॅशियम कमी झाले, तर ते आतून अधिक जोराने बाहेर पडेल असे वाटेल. पण यांतील एक महत्त्वाची मार्गिका बाहेर पोटॅशियम कमी असताना मंदावते. पेशी सावरायला उशीर होतो. त्याच वेळी पंपही ढिला पडतो, पेशीत कॅल्शियम साचते आणि वेळेआधीच भलते ठोके उमटू लागतात.

ईसीजीवर प्रथम टी-तरंग चपटा होतो, एसटी रेषा खाली झुकते, टी-च्या पाठोपाठ यू-तरंग वर येतो आणि क्यूटी अंतर (ठोक्याची विद्युत् क्रिया सुरू होऊन पेशी सावरेपर्यंतचा काळ) लांबल्यासारखे दिसते. रुग्णाला मधला एखादा ठोका चुकल्यासारखे वाटते, छातीत धडधडते. निलयांत, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यांत, ‘तोर्साद द प्वांत’ नावाची पिळवटलेल्या आलेखाची जलद लय सुरू झाली, तर माणूस बेशुद्ध पडतो आणि ती आपोआप थांबली नाही तर हृदय बंद पडू शकते. या लयीचे वर्णन फ्रेंच हृदयरोगतज्ज्ञ फ्रान्स्वा देसेर्तेन यांनी १९६६ मध्ये केले. धडधाकट हृदय ३.२ चा आकडा सहज सोसते. झटका येऊन गेलेले, फुगलेले किंवा जन्मजात लांब क्यूटी असलेले हृदय तोच आकडा सोसेलच असे नाही. त्यामुळे आकडा कोणाचा आहे हे आधी पाहावे लागते.

कारणे : केवळ आहारात पोटॅशियम कमी पडल्याने न्यूनता क्वचितच होते. ते कोठून गळते आहे, याचा शोध हा निदानाचा गाभा होय. सर्वांत मोठी गळती रक्तदाब व हृदयविकारासाठी दिल्या जाणाऱ्या लघवीच्या गोळ्यांमुळे होते : फ्युरोसेमाइड, टॉर्सेमाइड, हायड्रोक्लोरोथायाझाइड, क्लोरथॅलिडोन. हृदय वाचवण्यासाठी दिलेले औषधच हृदयाची लय बिघडवू शकते, म्हणून या गोळ्या सुरू असताना ठरावीक काळाने पोटॅशियम तपासलेच पाहिजे. जुलाब व उलट्या हे दुसरे कारण. घरगुती मीठ-साखर-पाण्यात पोटॅशियम जवळजवळ नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे केलेल्या ओआरएसच्या पाकिटात ते दर लिटरला २० मिलिमोल असते, हा फरक पावसाळ्यात घरोघरी माहीत असायला हवा. रक्तदाब चढा आणि पोटॅशियम खाली, अशी जोडी दिसली तर अधिवृक्क ग्रंथीतून अल्डोस्टेरोन हे संप्रेरक जास्त स्रवत असण्याची शक्यता तपासतात. जेरोम कॉन यांनी १९५५ मध्ये वर्णिलेला हा विकार असलेला रुग्ण बरेचदा वर्षानुवर्षे निव्वळ रक्तदाब म्हणून औषधे घेत राहतो. मूत्रपिंडातील आनुवंशिक दोष (गिटेलमन व बार्टर विकार) हेही एक कारण. आपल्याकडे खोकल्यासाठी केला जाणारा ज्येष्ठमधाचा काढा चार दिवस घेतला तर सहसा बिघडत नाही. पण ज्येष्ठमध मोठ्या प्रमाणात आणि आठवडेच्या आठवडे घेतल्यास त्यातील ग्लिसिऱ्हिझिनमुळे मूत्रपिंडातून पोटॅशियम वाहून जाते व रक्तदाबही वाढतो. लघवीची गोळी चालू असलेल्याने तो टाळावा.

अंडर्सन-ताविल लक्षणसमूह : अधूनमधून हातपाय लुळे पडणे आणि निलयांतील अनियमित ठोके एकत्र आढळणारा हा दुर्मिळ आनुवंशिक विकार आहे. खालचा जबडा लहान, कान खाली बसलेले, बोटे किंचित वाकडी अशी चेहऱ्याची व हाडांची ठेवण सोबत असते, पण इतकी सौम्य की नजरेतून निसटते. डेन्मार्कमधील अंडर्सन व सहकाऱ्यांनी तो १९७१ मध्ये नोंदवला. पोटॅशियमची मार्गिका घडवणाऱ्या केसीएनजे-२ या जनुकातील दोष २००१ मध्ये सापडला. लुळेपणाच्या वेळी पोटॅशियम बहुधा कमी असते, पण ते प्राकृत किंवा जास्तही असू शकते. भरपेट भाताच्या जेवणानंतर वा दमणुकीनंतर रात्री झोपून सकाळी पाय उचलता न येणे, ही तक्रार थायरॉइड ग्रंथी अतिसक्रिय असलेल्या तरुण पुरुषांतही दिसते. अशा रुग्णाला ‘मनाचा आजार’ म्हणून घरी पाठवणे हा त्याच्यावर अन्याय आहे. लुळेपणा असतानाच पोटॅशियम, ईसीजी आणि थायरॉइड तपासले गेले पाहिजेत.

उपचार : ‘केळी खा’ हा सल्ला सर्रास मिळतो. हिशेब मांडून पाहावा. आकडा ४ वरून ३ वर आला असेल, तर शरीरातला खरा तुटवडा अंदाजे २०० ते ४०० मिलिमोलचा असतो. मध्यम केळ्यात सुमारे १० मिलिमोल पोटॅशियम असते. शिवाय फळांतील पोटॅशियमसोबत क्लोराइड फारसे नसते, आणि उलट्यांनी किंवा लघवीच्या गोळ्यांनी तेच गेलेले असते. शहाळे, रताळे, बटाटा, पालक, मटकी, चवळी, राजमा हे रोजच्या आहारात जरूर असावेत; त्यांनी भर पडते, पण खड्डा भरत नाही. त्यासाठी पोटॅशियम क्लोराइडचे सिरप लागते. ते चवीला वाईट असते आणि पोटात जळजळते, म्हणून भरपूर पाण्यात मिसळून जेवणानंतर घेतात. मॅग्नेशियम कमी असेल तर मूत्रपिंड दिलेले पोटॅशियम बाहेर सोडत राहते; कितीही बाटल्या संपवूनही आकडा हलत नसेल, तर मॅग्नेशियमकडे दुर्लक्ष झाले आहे का ते आधी पाहावे. गळती चालूच राहणार असेल, तर स्पायरोनोलॅक्टोन किंवा अमिलोराइड ही पोटॅशियम राखून ठेवणारी औषधे देतात. शिरेतून द्यायचे असल्यास ते सलाइनमध्ये विरल करून, साधारण तासाला १० मिलिमोल या वेगाने. त्याहून जलद द्यायचे तर ईसीजीवर लक्ष ठेवून. घट्ट द्रावण थेट शिरेत टोचल्यास हृदय तत्काळ थांबते. ग्लुकोजच्या सलाइनमधून दिल्यास इन्शुलिन वाढून सुरुवातीला आकडा आणखी खाली जाऊ शकतो.

हृदयरुग्णाचे पोटॅशियम ४ च्या वर असावे, असा रिवाज अनेक वर्षे चालत आला आहे. तो सर्वांना सारखा लागू नाही. बायपास शस्त्रक्रियेनंतरच्या सुमारे १,७०० रुग्णांवरील, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आकडा ३.६ च्या खाली गेल्यावरच पोटॅशियम दिले, तरी आलिंदांची, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची, लय बिघडण्याचे प्रमाण वाढले नाही. उलट, छातीत डिफिब्रिलेटर यंत्र बसवलेल्या १,२०० डॅनिश रुग्णांवरील २०२५ च्या अभ्यासात आकडा ४.५ ते ५.० असा राखल्याने यंत्राचे धक्के, रुग्णालयवाऱ्या व मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण २९.२ वरून २२.७ टक्क्यांवर आले. कोणाचे लक्ष्य किती, हे त्याच्या हृदयावरून ठरते.

दैनंदिन काळजी : पोटॅशियम घसरण्याची प्रवृत्ती अनेकांना वर्षानुवर्षे सोबत करते, म्हणून रुग्णाने स्वतःची फाइल ठेवावी : जुने ईसीजी, पोटॅशियम-मॅग्नेशियमचे तारीखवार आकडे, चालू गोळ्यांची नावे. उलट्या-जुलाब झाले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवून लघवीची गोळी चालू ठेवायची की थांबवायची ते विचारावे. उलटी थांबवण्यासाठीची ऑन्डॅनसेट्रॉन व डॉम्पेरिडोन, तसेच अझिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक क्यूटी लांबवतात; आणि नेमके पोटॅशियम ओसरलेले असतानाच ती लिहून दिली जातात. औषधाच्या दुकानातून ती आपल्या मनाने आणू नयेत. डिजॉक्सिन हे हृदयाचे औषध घेणाऱ्याला पोटॅशियम कमी असताना नेहमीच्या मात्रेतही त्याची विषबाधा होऊ शकते. रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि ‘लो सोडियम’ मीठ पोटॅशियम वाढवतात; मूत्रपिंडे दुबळी असतील तर वाढलेले पोटॅशियमही तितकेच घातक ठरते, म्हणून सिरपची मात्रा स्वतःहून वाढवू नये. धडधडीसोबत चक्कर आली, शुद्ध हरपली किंवा हातपाय लुळे पडले, तर सकाळची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती फाइल सोबत न्यावी.