प्लेस्टेशन डेटा चोरी (२०११) : ग्राहक नेमके कशावर चिडले?

एप्रिल २०११ मध्ये सोनी कंपनीच्या प्लेस्टेशन नेटवर्क या ऑनलाइन गेम सेवेत हॅकर घुसले. सुमारे ७ कोटी ७० लाख खात्यांची नावं, पत्ते, जन्मतारखा, पासवर्ड धोक्यात आले. २० एप्रिलला सेवा बंद पडली. माहिती गेल्याचं मात्र कंपनीनं २६ तारखेला सांगितलं. ग्राहकांचा खरा राग या सहा दिवसांवर. तेवढ्यात कार्ड बंद करता आलं असतं, तोच पासवर्ड दुसरीकडं असेल तर बदलता आला असता. अमेरिकेत लगेच कोर्टात दावा लागला. मे महिन्यात टोकियोत अधिकाऱ्यांनी वाकून माफी मागितली, पुढं दोन गेम फुकट दिले. पण जन्मतारीख काय पासवर्डासारखी बदलता येते? ब्रिटनच्या माहिती आयुक्त कार्यालयानं २०१३ मध्ये अडीच लाख पौंड दंड ठोठावला. तो सरकारजमा, ग्राहकाच्या हाती त्यातलं काही नाही.