‘इतकी दमली की झोपी गेली’: लॅटिनकडून स्पॅनिशकडे

रोमन साम्राज्य लयाला गेले, तसा लॅटिनमधला एक छोटासा शब्दही लोकांच्या तोंडून नाहीसा झाला. तो शब्द ‘उत्’. साम्राज्याच्या पतनावर ग्रंथ लिहिले गेले. ‘उत्’च्या वाट्याला फार तर तळटीप आली.

‘ती इतकी दमली होती, की झोपी गेली’ हे अभिजात लॅटिनमध्ये असे होई: ‘ताम फेस्सा एरात, उत् ओब्दोर्मीरेत’. ‘ताम’ म्हणजे इतकी, ‘उत्’ म्हणजे की. नवल असे, की झोप प्रत्यक्ष लागलेली असूनही क्रियापद मात्र इच्छा किंवा शक्यता सांगणाऱ्या रूपात येई.

बोलीभाषांनी हा संकेत मोडला. फ्रेंच, इटालियन, पोर्तुगीज, स्पॅनिश यांपैकी एकीतही ‘उत्’चा वंशज उरला नाही. स्पॅनिशमध्ये त्याची जागा ‘के’ने घेतली आणि ‘ताम’चे ‘तान’ झाले: ‘एस्ताबा तान कान्सादा के से दुर्मियो’. येथे ‘दुर्मियो’ हे साधे भूतकाळी रूप आहे. जे घडले ते घडलेले म्हणूनच सांगितले जाऊ लागले. (मुख्य वाक्य नकारार्थी असले, की जुने वळण आजही डोकावते.)

याहून रंजक आहे दुसरी रचना: ‘दे लो कान्सादा के एस्ताबा, से दुर्मियो’. येथे परिणाम मुख्य वाक्यात जातो आणि गुण त्याचे कारण बनतो. ‘इतकी दमलेली, त्यापायी झोपली’ असा काहीसा भाव. यातला ‘लो’ लॅटिनच्या नपुंसकलिंगी ‘इल्लुद’पासून आला. स्पॅनिश नामांनी नपुंसकलिंग केव्हाच टाकले. ‘लो’ने ते जपले. पण त्याला लागून येणारे ‘कान्सादा’ स्त्रीलिंगीच! पुरुष असेल तर ‘कान्सादो’, अनेक स्त्रिया असतील तर ‘कान्सादास’. ‘लो’ मात्र बदलत नाही. तीन लिंगे पाळणाऱ्या मराठी कानाला ही विसंगती लगेच जाणवावी.

अशी रचना लॅटिन व्याकरणाच्या साच्यात बसत नाही. १४९२ मध्ये कास्तीलच्या भाषेचे व्याकरण राणी इसाबेलाला अर्पण करणारा नेब्रिहा मुळात लॅटिनचा पंडित होता, आणि भाषा ही साम्राज्याची सोबतीण असते असे त्याचे मत होते. सुमारे सव्वातीन शतकांनी साम्राज्य तुटले. कराकासमध्ये जन्मलेल्या आंद्रेस बेल्योने १८४७ मध्ये चिलीत नवे व्याकरण प्रसिद्ध केले. स्पॅनिशवर लॅटिनचे नियम लादणे त्याला मान्य नव्हते. ‘लो’ हे ‘एल्यो’ या नपुंसकलिंगी सर्वनामाचेच आखूड रूप आहे, असे त्याने मांडले. आपण कास्तीलवासीयांसाठी नव्हे, तर अमेरिकेतल्या बांधवांसाठी लिहीत आहोत, असेही प्रस्तावनेत बजावले.

१८५१ मध्ये माद्रिदच्या राजभाषा अकादमीने त्याच बेल्योला मानद सदस्य करून घेतले.