डिस्चार्जनंतरचा फोन: अपघातातल्या पेशंटची विचारपूस मोबाईलवरून कशी होते, घरच्यांनी काय तयारी ठेवायची

मुंबईत जोगेश्वरी पूर्वेला, पश्चिम द्रुतगती महामार्गाला लागून महापालिकेचं हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे ट्रॉमा केअर हॉस्पिटल आहे. २०१३ साली ते सुरू झालं. हायवेवरचे अपघात, लोकलमधून पडलेले, बांधकामावरून कोसळलेले अशा जखमींसाठी ते मुख्यतः उभारलं गेलं. मुंबईतल्या अशा हॉस्पिटलांत येणारे सगळेच मुंबईचे नसतात. गावाकडून कामाला गेलेले गवंडी, हेल्पर, टेम्पोवाले, वॉचमन असे बरेच असतात.

ऑपरेशन झालं, डिस्चार्ज मिळाला, की अशी माणसं सरळ गाव गाठतात. मुंबईत खोलीभाडं अंगावर चढतं आणि करायला कोणी नसतं. कार्डावर लिहिलेलं असतं, अमुक तारखेला ओपीडीत दाखवा. पण प्लास्टर घातलेल्या माणसाला परत मुंबईला न्यायचं म्हणजे गाडीभाडं, सोबतीला एक माणूस आणि त्या माणसाचा बुडालेला रोज. तारीख निघून जाते. हॉस्पिटलला वाटतं पेशंट बरा झाला, आणि इकडे जखमेतून पू येत असतो.

डिस्चार्जनंतरचं कोणाला कळतं?

केंद्र सरकारच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली आणि ४ लाख ४३ हजार ३६६ जखमी झाली. जखमींचं पुढे काय झालं, कोण कामावर परतलं, कोणाचा पाय कायमचा अधू झाला, हे या आकड्यांत येत नाही.

मुंबईचं केईएम व सायन हॉस्पिटल, दिल्लीचं एम्सचं ट्रॉमा सेंटर आणि कोलकात्याचं एसएसकेएम हॉस्पिटल यांनी २०१३ पासून 'टिटको' नावाच्या अभ्यासात १६ हजारांहून जास्त जखमींची नोंद ठेवली. मोठं काम झालं, पण ती नोंदही पेशंट हॉस्पिटलात असेपर्यंतचीच होती. पुढचं जाणून घ्यायचं तर पेशंटला बोलवायचं, घरी जायचं किंवा फोन करायचा, हेच मार्ग उरतात. त्यातला सगळ्यात स्वस्त मार्ग फोनचा.

फोनवर विचारायचे प्रश्नही ठरलेले असतात. जगभर वापरली जाणारी एक साधी प्रश्नावली पाच गोष्टी विचारते: चालता-फिरता येतं का, अंघोळ-कपडे स्वतःचं स्वतः होतं का, रोजची कामं जमतात का, दुखतं किती, आणि मनाला काळजी किंवा उदासी वाटते का. एवढ्यावरून कोणाला लगेच बोलवायचं आणि कोणाची गाडी रुळावर आहे, याचा अंदाज येतो.

पहिली अडचण: केस पेपरवर नंबर कोणाचा?

अपघाताच्या धावपळीत जो सोबत असतो तो आपला नंबर देतो. कधी मुकादमाचा, कधी रूमवरच्या पोराचा, तर कधी उचलून आणणाऱ्या अनोळखी माणसाचा. पेशंटचा स्वतःचा मोबाईल अपघातात फुटलेला किंवा हरवलेला असतो. महिनाभराने हॉस्पिटलातून फोन गेला तर तो भलत्याच माणसाला लागतो किंवा लागतच नाही.

म्हणून डिस्चार्ज घेताना काउंटरवर एवढं करून घ्यायचं:

- पेशंट ज्या घरी राहणार आहे तिथल्या दोन माणसांचे नंबर लिहून द्यायचे. त्यातला एक गावातच कायम असणाऱ्याचा हवा.
- मुंबईच्या खोलीचा नव्हे, गावाचा पत्ता, तालुका, जिल्हा सांगायचा.
- ओपीडीचा वार, वेळ आणि वॉर्डचा किंवा विभागाचा नंबर मागून घ्यायचा.
- सिम बदललं तर हॉस्पिटलला कळवायचं.
- डिस्चार्ज कार्ड, औषधांची चिठ्ठी, रिपोर्ट यांचे फोटो काढून घरच्या दोघांच्या मोबाईलमध्ये ठेवायचे. एक्स-रे खिडकीच्या उजेडासमोर धरून फोटो काढला की नीट दिसतो.

फोनवर डॉक्टर काय सांगू शकतात?

केंद्र सरकारने २५ मार्च २०२० रोजी टेलिमेडिसिनचे नियम काढले. नोंदणी असलेला डॉक्टर फोन, व्हिडिओ कॉल किंवा मेसेजवरून सल्ला देऊ शकतो. आधी तपासलेल्या पेशंटची फेरविचारणा फोनवर करायला मुभा आहे. गुंगीची, नशा आणणारी काही औषधं मात्र फोनवरून लिहून देता येत नाहीत. प्रत्यक्ष तपासणी गरजेची वाटली तर डॉक्टर बोलावतात, तेव्हा जावंच लागतं.

जखमेचा फोटो पाठवायचा असेल तर दिवसाच्या उजेडात, एक लांबून आणि एक जवळून काढायचा. सोबत पेशंटचं नाव, केस पेपर नंबर, ऑपरेशनची तारीख, ताप आहे की नाही आणि चालू गोळ्यांची नावं लिहायची. नुसता फोटो टाकून 'डॉक्टर बघा' म्हटलं तर समोरच्याला काही उमगत नाही.

फोनने एक्स-रे निघत नाही, टाके निघत नाहीत आणि आखडलेला सांधा मोकळा होत नाही. कार्डावर लिहिलेली एक्स-रेची आणि फिजिओथेरपीची तारीख फोन झाला म्हणून सोडायची नाही.

या खुणा दिसल्या तर फोनवर थांबायचं नाही

- *प्लास्टर किंवा पट्टी:* गोळी घेऊनही दुखणं वाढत जातंय, बोटं निळी, पांढरी किंवा थंड पडली, मुंग्या येतात, बोटं हलत नाहीत. आत दाब वाढून रक्तपुरवठा तुटतो आणि काही तासांत हात-पाय कायमचा जाऊ शकतो.
- *डोक्याचा मार:* सारख्या उलट्या, झोपेतून उठवता न येणं, फिट, बरळणं, कानातून-नाकातून पाणी किंवा रक्त. वयस्कर आणि दारू पिणाऱ्या माणसांत आत हळूहळू रक्त साचतं आणि त्रास दोन-तीन आठवड्यांनीही दिसू शकतो.
- *जखम:* लाली पसरते, पू, वास, ताप.
- *पाय:* पोटरी सुजून दुखते, किंवा अचानक दम लागून छातीत दुखतं. रक्ताची गाठ असू शकते.
- *पोटाचा मार:* पोट दुखणं-फुगणं, चक्कर, काळी शी.

अशा वेळी १०८ ला फोन करून जवळचं ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय गाठायचं. रॉड-प्लेट बसवलेल्या पायाला मालीश, जखमेवर झाडपाला किंवा हळद, खाजतं म्हणून प्लास्टरमध्ये काडी घालणं, हे काहीही करायचं नाही.

गावातूनच डॉक्टरशी बोलायचं असेल तर

सरकारची 'ई-संजीवनी' सेवा मोफत आहे. २०२० पासून लोकांना घरूनही ती वापरता येते. मोबाईलवर जमत नसेल तर उपकेंद्रातल्या आरोग्य मंदिरात समुदाय आरोग्य अधिकारी पेशंटला समोर बसवून डॉक्टरशी जोडून देतात. डिस्चार्ज कार्ड सोबत न्यायचं. आशाताईंनाही पेशंट घरी आल्याचं सांगून ठेवायचं.

अपघातानंतर झोप न लागणं, गाडीचा आवाज आला की दचकणं, जगणं नकोसं वाटणं हाही त्रासच आहे. त्यासाठी १४४१६ हा टेलि-मानसचा मोफत नंबर आहे, त्यावर मराठीत बोलता येतं.

पैशाचं काय?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचार झाले असतील तर डिस्चार्जनंतर १० दिवसांपर्यंतची फेरतपासणी पॅकेजमध्येच येते. पैसे मागितले तर आरोग्यमित्राकडे किंवा १५५३८८ वर विचारायचं. मे २०२५ पासून लागू झालेल्या केंद्राच्या कॅशलेस योजनेत रस्ते अपघातातल्या जखमीला दीड लाखापर्यंतचे उपचार मिळतात, पण अपघातापासून सात दिवसांपुरतेच. हाड जुळायला महिने लागतात. त्यामुळे नंतरचा खर्च कशातून करायचा, हे डिस्चार्जच्या आधीच आरोग्यमित्राला किंवा हॉस्पिटलातल्या समाजसेवा अधिकाऱ्यांना विचारून ठेवलेलं बरं.

फसव्या फोनपासून सावध

तब्येतीची विचारपूस करणाऱ्याला ओटीपी, बँक खातं किंवा एटीएमचा नंबर लागत नाही. तसं कोणी मागितलं तर फोन ठेवायचा आणि कार्डावरच्या हॉस्पिटलच्या नंबरवर स्वतः फोन करून खात्री करायची. पण अनोळखी नंबर म्हणून प्रत्येक फोन कापायचाही नाही, त्यातला एखादा हॉस्पिटलचा असू शकतो.